बाबांच्या कफातल्या दोन जाती

धाकट्या,

प्रयोगशाळेतून आले, कपडे बदलले आणि पुन्हा बाबांकडे दवाखान्यात निघाले. तू फोन उचलत नाहीस, म्हणून ही चिठ्ठी.

बाबांच्या कफात न्यूमोनियाच्या जंतूंच्या एक नाही, दोन जाती निघाल्या. मीच त्या प्रयोगशाळेत जंतू वाढवायच्या काचेच्या बशीत वाढवून पाहिल्या. चालू औषधाने एक मरते, दुसरी त्याला भीकच घालत नाही. म्हणूनच उतरलेला ताप पुन्हा चढला. डॉक्टरांना कळवलं, तर म्हणाले, "औषध बदलतो, पण खात्री देत नाही."

कपाटातली जाड शाल घेऊन तू लगेच ये. तुझं नि बाबांचं भांडण राहू दे बाजूला. ते तुझं नाव काढत नाहीत, पण दार वाजलं की मान वळवतात, आणि मला पाहून म्हणतात, "अच्छा, तू होय."

ताई