केंटकीची बाटली आणि प्रोटोकॉलची खुर्ची

९ डिसेंबर २००१, रविवार
भाचा निरंजन अमेरिकेहून आला, तासभर बसला, केंटकीची एक बाटली देऊन गेला. म्हणाला, मामा, एकदम स्मूथ आहे. त्याला काय कळतंय स्मूथ! कोला टाकून पिणारा माणूस. व्हिस्कीची पारख मला आहे हे भोपाळला सगळ्या सेक्शनला माहीत होतं. रायपूर राजधानी झालं, आमची इकडे बदली झाली, त्याला वर्ष झालं, इथे अजून कोणाला पत्ता नाही. बाटली उघडायची नाही. शपथ.

१० डिसेंबर, सोमवार
नवीन राज्य, रोज विमानाने कोणीतरी पाहुणा येतो. त्याला आणायला प्रोटोकॉलचा माणूस हवा. जीप, फोन, वेगळी खोली. मी त्या खुर्चीसाठीच जन्मलो आहे. ती कोणाला द्यायची हे आमच्या साहेबांच्या हातात. साहेबांना अमेरिकन व्हिस्की आवडते असं कळलं, म्हणून फाईल नेली तेव्हा सहज म्हटलं, सर, घरी केंटकीची बाटली आली आहे, एका घोटात सांगतो, नीट म्हणजे कोरी घ्यायची की पाणी घालून. साहेब म्हणाले, "अच्छा? तेईस को संडे है, दोपहर में बंगले पे ले आइए. आप जज कीजिए."
घरी बायकोला, मंदाकिनीला, सांगितलं. म्हणाली, तुम्ही अमेरिकन कधी प्याले? मुद्दा तो नाही.

१२ डिसेंबर, बुधवार. संध्या. ७
परीक्षकाने वस्तू आधी तपासलेली बरी. सील तोडलं. अर्धाच पेग, नीट. रंग उत्तम. वास फर्निचरच्या दुकानासारखा, पण उंची फर्निचर. घशात जळजळ. म्हणजे स्मूथ.

१५ डिसेंबर, शनिवार
बाबाराव आला. वीस वर्षांचा मित्र. भोपाळहून एकाच ट्रकात दोघांचा संसार आला. ऑफिसात आमच्या टेबलांमध्ये फक्त एक कपाट आहे. मारुतीचा वार, म्हणून तो घेत नाही. चहा प्याला, चिवडा संपवला. मी पाणी घालून तपासली, मग सोडा. कोला घालणं चूक आहे हे सिद्ध करण्यासाठी कोला. दोनदा सिद्ध केलं.

१७ डिसेंबर, सोमवार
बाटलीतली पातळी उतरली आहे. हवा कोरडी, त्यात जवळच्या उरल्यातल्या कारखान्यांच्या भट्ट्या. उडत असणार. मंदाकिनी म्हणाली, मग फिनाईल काहून उडत नाही? विशालवरही संशय घेतला. तो म्हणाला, "पापा, मुझे तो उसकी स्मेल से ही उल्टी आती है." पोट्टा नाटकी आहे. लेबलवर पेन्सिलीने रेघ मारली.

२० डिसेंबर, गुरुवार
मार्गशीर्षातला गुरुवार, घरात लक्ष्मीचा घट. आज घेत नाही. फक्त वास घेतला. ओठाला लागली ती मोजत नाही.

२१ डिसेंबर, शुक्रवार
बाटलीत चार बोटं उरली! माझ्याच घरात माझा विश्वासघात. कोणाचंच नाव घेत नाही, पण सगळ्यांची नावं माहीत आहेत.
ऑफिसात बाबारावाजवळ मन मोकळं केलं. म्हणाला, "टेन्शन काहून घेऊन राहिला यशवंता? माह्या साडूच्या गावात मोहाची पहिल्या धारेची भेटते. रंग जळक्या साखरेचा देऊ." मी साफ नकार दिला. तत्त्वाचा प्रश्न आहे. डबा खाल्ल्यावर हो म्हटलं.

२२ डिसेंबर, शनिवार
प्रमाण माझं, हात माझा. बाबारावाने फक्त नरसाळं धरलं. याला ब्लेंडिंग म्हणतात. अमेरिकेतही करतात.

२३ डिसेंबर, रविवार. संध्या. ५
साहेबांनी बाबारावालाही बोलावलं होतं. सवयीने पहिले दोन थेंब बोटाने खाली शिंपडले. खाली गालिचा होता. मग मी बोललो: ओकचं लाकूड, व्हॅनिला, शेवटी केंटकीचं ऊन. साहेबांनी ग्लास नाकाशी नेला आणि त्यांचा चेहरा कडक झाला. "इसमें महुआ किसने मिलाया?"
मी ग्लासात बघत राहिलो. रंग तपासायचा राहिला होता.
बाबाराव उभा राहिला. "मैंने मिलाया सर. यशवंतराव को कुछ मालूम नहीं."
फार बरं वाटलं. मित्र असावा तर असा.
आणि साहेब हसले! बस्तरमध्ये सात वर्षं काढलेला माणूस. म्हणाले, ऐसा महुआ पंद्रह साल बाद मिला. बाबारावाला शेजारी बसवलं, दुसरा ग्लास भरला. तेव्हा मी प्रामाणिकपणे सांगितलं की मिसळली मीच. साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "दोस्त को बचा रहे हैं? अच्छी बात है."

२६ डिसेंबर, बुधवार
ऑर्डर निघाली. प्रोटोकॉल बाबारावाला. साहेब म्हणाले म्हणे, अपनी गलती मानने वाला आदमी चाहिए. गलती माझी होती! ती त्याने लाटली. वीस वर्षं ज्याला चिवडा चारला त्याने केसाने गळा कापला.
मंदाकिनीने विचारलं, साहेब चिडले असते तर तुम्ही तोंड उघडलं असतं का? असल्या जर-तरच्या प्रश्नांना मी उत्तर देत नाही. जेवलो नाही. नंतर जेवलो.

३१ डिसेंबर, सोमवार
संकल्प: बाबारावाशी बोलायचं नाही. कपाटापलीकडचं टेबल रिकामं आहे. न बोलण्यासाठी त्याच्या नव्या खोलीवरून दोनदा गेलो. तो विमानतळावर गेला होता.

६ जानेवारी २००२, रविवार. सकाळी ११
दारात जीप थांबली. खिडकीतून बाबाराव दिसला. मंदाकिनीला म्हटलं, मी गोल बाजारात गेलो म्हणून सांग, आणि बाथरूममध्ये शिरलो. उलट्या बादलीवर बसून सगळं ऐकू येत होतं. त्याने चहा घेतला. मंदाकिनीला सांगितलं की साहेबांकडे माझं नाव दिलं आहे, दोघं मिळून करू. "एकट्याले करमत नाही वहिनी. समोर यशवंताचं तोंड दिसलं नाही तं चहा गोड लागत नाही." ही सगळी गोड बोलण्याची कला. प्रोटोकॉलमध्ये शिकला असेल.
अर्ध्या तासाने उठला. जाताना बाथरूमच्या दाराशी थांबला असावा, कारण आवाज अगदी जवळून आला. "वहिनी, आता त्याले बाहेर यायले सांगा. थंडीचे दिवस आहेत, सर्दी होईन."
जीप गेल्यावरही बराच वेळ मी बाहेर आलो नाही.