सातवा रकाना

मालवण,
ता. १२ मार्च १९५८

चि. सत्यवान यास,

“थांबा मास्तरानू,” तुझे वडील म्हणाले. “ह्या मी कधी सांगलंय?”

तुझे पत्र मी त्यांना वाचून दाखवत होतो. तू लिहिले आहेस, ‘परसातला फणस यंदा लवकर धरला हे वाचून बरे वाटले. तुम्ही रोज दोन्ही माडांवर चढता हेही वाचले. जरा जपून.’ इथपर्यंत आलो आणि त्यांनी हात वर केला.

फणसाचे त्यांनी सांगितले नव्हते. माडांचेही नाही. त्यांना वाचता येत नाही, तरी ते थोडा वेळ कागदाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “फुडे वाचा.”

पुढे तू लिहिले आहेस की वडील खुशाल आहेत म्हणून शिमग्याची रजा सोबत्याला दिली, आता मे महिन्यात येईन. त्यांनी सगळे ऐकले. पाणी मागितले. निम्मे प्यायले.

“म्हंजे मी बरो आसंय म्हणान तो येवक नाय,” म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड केले.

आशीर्वाद लिहायचे राहिले. ते आहेतच.

तू भुसावळला गेल्याला सहा वर्षे झाली. तेव्हापासून तुझ्या वडिलांची पत्रे मी लिहीत आलो. ते पायरीवर बसून सांगत, मी लिही, शेवटी ते शाईत आंगठा बुडवून खाली उठवत. आंगठ्याची गरज नाही असे मी पहिल्यांदा म्हटले होते. ते म्हणाले, “अक्षर तुमचा. माझा काय जाता मग?” या वेळी अक्षर माझे आणि शब्दही माझे. म्हणून सवय नसल्यासारखे होते.

आधी रोझालिनाच्या परवान्याचे सांगतो. ते सोपे आहे, आणि सुरुवातही तेथूनच आहे.

माझ्या बहिणीच्या हातचे पाव तू लहानपणी खाल्ले आहेस. नवरा बोटीवर वारल्यावर ती माझ्याकडे आली तेव्हापासून नाताळाला, लग्नाकार्याला मागच्या पडवीतल्या भट्टीत ती पाव भाजते. मागल्या पावसाळ्याअखेर बोर्डिंगाचे व्यवस्थापक आले. चाळीस मुलांना रोज पाव हवा, पण देणाऱ्याकडे परवाना पाहिजे, म्हणाले. रोझालिनाने त्यांना चहा दिला आणि ते गेल्यावर माझ्यासमोर येऊन बसली. ती अशी कधी बसत नाही. म्हणाली, “आर्थर, माका ह्या सरळ करूचा आसा. कोणी दारात येवन उभो ऱ्हवलो तर माका आत जावचा लागता नये.”

दोन महिने आम्ही तयारी केली. भट्टीचे तोंड फिरवून समुद्राकडे केले, कारण शेजारच्या यमुनाबाईचे छप्पर माडाच्या झापांचे. धुराडे चार हात वाढवले. खिडकीला जाळी बसवली, पडवीला चुना काढला, विहिरीला झाकण केले. यमुनाबाईची हरकत नाही असा कागद लागत होता. तिने आंगठा देताना बजावले, “धुरान माझे सुके बांगडे काळे झाले तर तुझ्या पावाबरोबर तूच खावचे.” रोझालिनाला संसर्गजन्य रोग नाही असा डॉक्टरांचा दाखला लागत होता. डॉक्टरांनी जीभ दाखवायला सांगितली. घरी येऊन ती म्हणाली, “जीभ बघून परवानो देतत तर माका कधीच मेळाचो नाय.” ती हसली होती. हे मुद्दाम लिहितो, कारण त्यानंतर ती हसलेली मला आठवत नाही.

अर्ज मी भरला. अकरा रकाने होते. सातवा होता ‘कच्चा माल व तो कोठून मिळतो’. मी लिहिले, तुझ्या वडिलांच्या पूर्ण नावासकट: मैदा, रेशनच्या दुकानातून. मीठ व साखर, बाजारातून. माडी, रोज एक शेर, लवू धोंडू हडकर यांजकडून.

रोझालिना मागे उभी होती. “माडीचा कित्याक लिवतस?”

“विचारले आहे म्हणून.”

“इचारतत ता सगळा सांगूचा नसता.”

तुला माहीत आहे, आपल्याकडे पीठ माडाच्या आंबलेल्या रसाने, माडीने फुगते. तिच्या आजीपासून तसेच. दारूबंदी आली तेव्हा तुझ्या वडिलांनी बाकीचे माड सोडून दिले. परसातले दोन तेवढे ठेवले, आमच्या पिठापुरते. सगळ्या वाडीला हे ठाऊक होते. हवालदाराच्या घरीसुद्धा आमचाच पाव जाई. मला मनापासून वाटत होते की पिण्याविरुद्धचा कायदा वेगळा आणि पिठाचा अर्ज वेगळा. आजवर मी प्रत्येकाला एवढेच सांगितले आहे. ते खोटे नाही. पण ते सगळे नाही.

अर्ज दिल्यावर दहाव्या दिवशी पोलीस आले. तुझे वडील माडावर होते. खाली चौघे उभे असलेले त्यांनी वरून पाहिले, आणि हातातले काम पुरे करून, मडके नीट बांधून मग उतरले. ते मडके फोडण्यासाठी त्यांनाच पुन्हा वर चढायला लावले. कोयती पंचनाम्यात गेली. हवालदार आमच्या अंगणात आला तेव्हा माझ्याकडे पाहत नव्हता.

“आमका ठावक होता, मास्तरानू,” तो म्हणाला. “कागदाक ठावक नव्हता.”

खटला डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात चालला. अर्जात नाव रोझालिनाचे होते, त्यामुळे तिलाही उभे केले. तुझे वडील कोणी विचारण्याआधीच बोलले. “बायचो काय संबंध नाय. तिना माडी कधी घेतल्यान नाय. मास्तरांनी चुकान लिवल्यानी. माडी मीच पितंय.”

सत्यवान, त्या माणसाने आयुष्यात घोट घेतलेला नाही. तू जाणतोस.

नंतर मला पुढे बोलावले. बायबलवर हात ठेवला. अक्षर तुमचे का? होय. लिहिले आहे ते खरे का? तुझे वडील माझ्याकडे पाहत होते. रोझालिना खाली पाहत होती. मी म्हणालो, चुकून लिहिले.

रोझालिना सुटली. तुझ्या वडिलांना तीन महिने झाले. ते तुरुंगात होते. हे वाक्य लिहायला मला तीन पाने लागली.

आता जे राहिले ते.

अर्ज द्यायला कचेरीत गेलो तेव्हा खिडकीत कारकून म्हणून गुरुदास होता. तुमच्याच वर्गातला, पुढच्या बाकावरचा. त्याने अर्ज वाचला आणि सातव्या रकान्यावर थांबला. उठून बाहेर आला, हळू आवाजात म्हणाला, “सर, एवढी ओळ गाळून दुसरा अर्ज आणता का? हा मी फाडून टाकतो. कोणी पाहिलेला नाही.” मागे पाच-सहा माणसे उभी होती. मी त्यांना ऐकू जाईल असे म्हणालो, “गुरुदास, तीस वर्षे मी मुलांना खरे लिहायला शिकवले. तुलाही.” माणसांनी माझ्याकडे पाहिले. मला ते आवडले. गुरुदासने शिक्का मारला.

परतताना वाटेत तुझे वडील भेटले. “झाला काम?” म्हणाले. मी म्हणालो, झाले.

हे रोझालिनाला ठाऊक नाही. गुरुदासने कोणाला सांगितले नसावे. तुझ्या वडिलांना मी आज दुपारी सांगितले, तुझे पत्र वाचून झाल्यावर, त्यांच्या पाठीला. ते वळले नाहीत.

त्यांना नेले तेव्हा ते मला एवढेच म्हणाले होते, “माझ्या झिलाक, सत्यवानाक काय कळवू नकात.” मी काहीच कळवले नसते तर त्यांचा शब्द राहिला असता. पण नाताळात तुझे पत्र आले, ‘बाबांचे पत्र का नाही?’ म्हणून. मी बसलो आणि लिहिले. खोकला नाही, फणस धरला, माडांवर चढतो. जानेवारीअखेर दुसरे लिहिले. ते पहिल्यापेक्षा चांगले उतरले. तू शिमग्याला येतो म्हणाला होतास, त्यावर मी लिहिले, माझ्यासाठी रजा घालवू नकोस. भुसावळला आपल्याकडचे कोणी नाही, म्हणून ते खपले. न कळवणे आणि खोटे कळवणे यातला फरक मी चौथीच्या मुलांना समजावून सांगत असे.

त्या दोन पत्रांखालचा आंगठा माझा आहे.

उपासाचे दिवस चालू आहेत. ईस्टरपूर्वी पाद्रींपुढे कबुली द्यायची असते. दोनदा रांगेतून परत आलो. ज्याचे आहे त्याला आधी सांगावे असे वाटले.

ते फेब्रुवारीच्या अखेरीस सुटले. मी आणायला गेलो होतो. फाटकातून बाहेर आले तेव्हा मी त्यांना ओळखले नाही, आणि पुढे होऊन पिशवी घेतली नाही. तुझी आई नाही, घर तीन महिने बंद, म्हणून रोझालिनाने त्यांना आमच्याकडे आणले. त्यांची खाट भट्टीमागच्या खोलीत टाकली आहे, कारण ती भिंत गरम राहते. छातीत कफ आहे. संध्याकाळी ताप येतो. डॉक्टर म्हणतात, मिरजेला नेऊन छातीचा फोटो काढा, उशीर करू नका. ते ऐकत नाहीत. परवा काठी घेऊन परसात गेले, माडाला हात लावून उभे राहिले. मी लांबून पाहिले. एक पाय उचलून खाचेत ठेवला आणि परत खाली ठेवला.

मुंबईला उतरून सापडेल ती बोट धर आणि ये.

रोझालिनाचे सांगायचे राहिले. तिने जानेवारीत पुन्हा अर्ज केला. या वेळी स्वतः भरला. चार इयत्ता शिकली आहे, सावकाश लिहिते. मला दाखवला नाही. सातव्या रकान्यात यीस्ट, डब्यातले, मुंबईहून. तपासणीला साहेब आले, धुराडे पाहिले, विहीर पाहिली आणि गेले. मागल्या शुक्रवारी परवाना आला. तिच्या नावाचा, गोल शिक्क्याचा. तिने तो पडवीत खिळ्याला टांगला. मी वाचायला गेलो तर म्हणाली, “त्यात वाचूसारख्या काय नाय.”

रविवारी नमुन्याचे पाव काढले. पहिला तुझ्या वडिलांना दिला. त्यांनी तो फोडून नाकाशी नेला.

“बरो फुगलो,” म्हणाले. मग थोड्या वेळाने, “वास खंय गेलो?”

रोझालिना आत गेली.

उद्या सकाळी बोर्डिंगाचे पहिले पाव जायचे आहेत. ती आता पीठ मळते आहे. भिंतीतून आवाज येतो. तुझे वडील जागे असावेत. खोकला थांबला आहे, पण कूस बदललेली ऐकू येत नाही.

क्षमा मागावी असे या पत्रात कुठेतरी यायला हवे होते. मुलांच्या वह्यांत मी तशी वाक्ये पुष्कळ तपासली आहेत. तू आल्यावर तुझ्यासमोर उभा राहीन.

सांगणार व लिहिणार,
आर्थर मास्तर

ता. १३, सकाळ

रोझालिनाने पाच वाजता पाव काढले. पाटी डोक्यावर घेऊन बोर्डिंगात गेली. जाताना परवाना खिळ्यावरून काढून पदराखाली घेतला.

तुझे वडील उठून बसले होते. “काय लिवलात ता वाचा,” म्हणाले. सगळे वाचले. गुरुदासचे, आंगठ्याचे, काही गाळले नाही. त्यांनी एकदाच थांबवले, बोटीच्या ओळीवर. “ती काढा. माझ्यासाठी रजा घालवक नको.”

जानेवारीतल्या पत्रात मी त्यांच्या तोंडी घातले होते तेच त्यांनी आज आपणहून सांगितले. मी ओळ खोडली. शाळेत तुम्हाला शिकवत असे तशी, एकाच रेघेने, खालचे वाचता येईल अशी.

मग त्यांनी डावा आंगठा पुढे केला. मी शाई लावली. आंगठा उचलताना ठसा जरा फरफटला आहे. मागच्या दोन पत्रांशी ताडून पाहू नकोस. त्याआधीच्या कोणत्याही पत्राशी पाहा.