रोज शंभर अंश

३ मार्च, मंगळवार

डिझेल गाडीत नवं ऑइल घालावं आणि दुसऱ्या दिवशी मापकाठी ओढून पाहावी, तर ते काजळासारखं काळं! पेट्रोलच्या गाडीत तेच ऑइल कितीतरी दिवस मधासारखं राहतं. मग चार शहाणे जमतात आणि मेकॅनिकने जुनंच परत ओतलं, असा निकाल देतात. दादा आज तोच निकाल घेऊन आला. मापकाठी माझ्या नाकासमोर धरून म्हणाला, "बघ, तुझ्या लाडक्या विद्यार्थ्याने कसा गंडवला मला."

मी त्याला बसवलं आणि समजावलं. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, पण समोर माणूस बसला की माझा हात आपोआप खडू शोधतो. डिझेल जळताना काजळी होतेच. ती उचलायची, स्वतःत धरून ठेवायची, कुठे साचू द्यायची नाही— हे ऑइलचं कामच आहे. इंजिनाच्या कानाकोपऱ्यात उरलेलं पेलाभर जुनं ऑइलही नव्याला रंगवायला पुरतं. फरशी पुसूनही फडकं पांढरंशुभ्र राहिलं, तर शंका फडक्याविषयी घ्यावी.

"म्हणजे काळं तेच चांगलं?"

काळं चालेल, मी म्हटलं. पातळ चालणार नाही. मग मूळ गोष्ट बाहेर आली. पंधरा दिवस झाले, घाट चढून माथ्यावर गाडी थांबवली की ऑइलचा लाल दिवा लुकलुकतो. रेस दिली की विझतो. सकाळी इंजिन गार असताना कधीच लागत नाही.

पंधरा दिवस! आणि हा मला आज सांगतो.

४ मार्च, बुधवार

झोप नीट लागली नाही. कारण उघड आहे, तरी लिहून ठेवते. लिहिलं की भीतीलाही जरा शिस्त लागते.

दादाची व्हॅन सोमवार, बुधवार, शुक्रवार तीन माणसांना डोंगरापलीकडच्या रुग्णालयात डायलिसिसला नेते. शिंपीणबाई, निवृत्त पोस्टमास्तर आणि गवंडीकाका. आमच्या वस्तीत तेवढं अंतर जाणारी, चार-पाच तास तिथे थांबणारी आणि परत आणणारी दुसरी गाडी नाही. जानेवारीत दरड कोसळून एक खेप चुकली, तर शिंपीणबाईंचे पाय सुजून चपलेत मावेनात आणि उशीला टेकलं की श्वास पुरेना. एकच खेप! इंजिन घाटात जाम झालं, तर ते दुरुस्त व्हायला महिना लागेल. हे गणित मला फळ्यावर मांडायची गरज नाही.

६ मार्च, शुक्रवार

माझ्या जुन्या पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेतून तापमान मोजायची लांब तार मागून आणली. दादाने ती मापकाठीच्या नळीतून आत सोडून घेतली आणि माथ्यावर उतरून आकडा पाहिला. १३१ अंश.

पाण्याचा काटा मात्र मधोमध. सगळे ड्रायव्हर तिथेच फसतात. पाणी रेडिएटरमध्ये जाऊन गार होऊन येतं. ऑइल बिचारं पिस्टनखालची आणि टर्बोची धग सोसत इंजिनाच्या तळातल्या चेंबरमध्ये परततं, आणि त्याच्यासाठी या गाडीत वेगळा काटाच नाही. घरात जो बोलत नाही त्याचा ताप कोणी मोजत नाही, तसं. तापलं की ते पातळ होतं. इंजिन मंद फिरत असताना पंपही मंद. पातळ ऑइल बेअरिंगांच्या फटींतून सहज निसटतं, दाब पडतो, दिवा लागतो. रेस दिली की पंप जोरात फिरतो आणि दिवा विझतो. त्या विझण्याला दादा "बरं वाटलं" म्हणतो!

८ मार्च, रविवार

आराखडा झाला. फिल्टरच्या बैठकीत एक मधली चकती बसवायची. तिच्यातून दोन होज, म्हणजे रबरी नळ्या, पुढे, रेडिएटरच्या समोर लावलेल्या ऑइल कूलरकडे. चकतीत थर्मोस्टॅट हवाच, ऑइल तापेपर्यंत कूलरची वाट बंद ठेवायला. गार ते सगळं चांगलं, असा लोकांचा समज आहे, पण ऐंशी अंशांच्या खाली रेंगाळणाऱ्या ऑइलमधली वाफ आणि डिझेल उडून जात नाही, आणि ते आतून नासतं. आधी तापू द्यायचं, मग आवरायचं.

शिवाय बायपास फिल्टर. नेहमीच्या फिल्टरमधून सगळं ऑइल वेगाने जायचं असतं, म्हणून त्याची जाळी भरड. बायपास फिल्टरची वीण दाट. त्यातून थोडंसंच ऑइल सावकाश गाळून परत चेंबरमध्ये सोडायचं. तासाभरात सगळ्याची पाळी येते.

मेकॅनिकसाठी चार पानी टिपण लिहिलं, आकृत्यांसह. त्याने ते हातात घेऊन वजन केल्यासारखं केलं. म्हणाला, "मॅडम, तुमच्या विषयात दोनदा उडालो होतो. आता तिसऱ्यांदा नको." मुलगा गुणी आहे. पन्नाशीला आला, तरी मी मुलगाच म्हणते.

१४ मार्च, शनिवार

दिवसभर गॅरेजात. गाडी रविवारी संध्याकाळपर्यंत चालू व्हायलाच हवी.

जुना फिल्टर काढल्यावर बैठक बोटाने चाचपली, कारण जुन्याचं रबर कधीकधी तिथेच चिकटून राहतं, त्यावर नवं चढवलं जातं आणि ऐन चढावर सगळं ऑइल रस्त्यावर. नव्हतं चिकटलेलं. चकती बसली. कूलरला रबरी गाद्यांवर टांगलं. होज घासतील तिथे जाड नळी चढवली. दादा मध्येच येऊन कूलरला हात लावून गेला, म्हणाला, "आता हिला माझ्यापेक्षा जास्त हवा लागणार." वहिनीने सगळ्यांसाठी चहा पाठवला. बरं चाललं आहे, हे लिहून ठेवायला हवं, कारण पुढे तसं चालेलच असं नाही.

१५ मार्च, रविवार

डिझेलच्या व्हॉल्व्हची वायर काढून नुसता सेल्फ मारला— कूलर आणि होज ऑइलने भरेपर्यंत इंजिन पेटू द्यायचं नाही. मग वायर जोडली. सुरू! कुठे थेंब नाही. वीस मिनिटं चालवलं. आणि गार हवेत, सपाटीवर, नुसत्या उभ्या गाडीत, लाल दिवा लागला. पूर्वीपेक्षा वाईट.

इंजिन लगेच बंद करायला सांगितलं.

सगळं परत तपासत बायपास फिल्टरच्या तोंडाशी आले. तिथे पितळेची बारीक तोटी असते, दीड मिलिमीटर भोकाची. ऑइलने तिथून थेंबाथेंबाने जावं, मुख्य दाब पडू नये, म्हणून ती तशी. हातातल्या तोटीचं भोक दुप्पट मोठं होतं. मेकॅनिकला विचारलं. तो प्रामाणिकपणे म्हणाला, "फारच बारीक होतं मॅडम. वाटलं, कारखान्यात नीट पाडलं नाही. मी तीनचं ड्रिल मारून मोकळं केलं."

मोकळं केलं! पंपाचं अर्धं ऑइल बेअरिंगांकडे जायचं सोडून तिथून पळत होतं. त्याच्यावर रागावणार होते, पण माझं टिपण उघडून पाहिलं. चार पानांत थर्मोस्टॅटवर पाऊण पान, होजच्या वळणांवर अर्धं; आणि "हे भोक मुद्दाम बारीक आहे" हे एक वाक्य कुठेही नाही. मला इतकं स्वच्छ ठाऊक होतं की दुसऱ्याला सांगावं, असं सुचलंच नाही. तीस वर्षांत किती मुलं अशी उडाली असतील माझ्यामुळे?

लेथवाल्याला घरून बोलावून तोटीत नवं पितळ भरून घेतलं, दीडचं भोक पाडलं. सहाच्या सुमारास दिवा विझला, विझलेलाच राहिला.

१६ मार्च, सोमवार

गाडी गेली. गाडी आली. दिवा नाही.

१७ मार्च, मंगळवार

ऑइलच्या तापमानाचा कायमचा काटा बसवला. स्टिअरिंगच्या डाव्या हाताला, खाली. दुसरीकडे जागाच नव्हती. दादाला रेघा आखून वही दिली आहे. चार रकाने— पायथा, पूल, शेवटचं वळण, माथा. जाता-येता आकडे लिहायचे. कूलर पुरेसा आहे की नाही, हे त्यावरूनच ठरणार.

"आता तोंडी परीक्षाही घेणार का, प्राध्यापकीणबाई?"

२५ मार्च, बुधवार

वही आली. बुधवार ते बुधवार, चार खेपा. पायथा ८५, पूल १००, वळण १००, माथा १००. दुसरी खेप: ८५, १००, १००, १००. तिसरी तीच. चौथी तीच.

मी आयुष्यभर प्रॅक्टिकलच्या वह्या तपासल्या आहेत. खरी रीडिंगं अंगावर थोडी धूळ घेऊन येतात: ९८, १०३, १०१. एखादं वेडंवाकडं, ज्याची मुलालाच लाज वाटते. बनवलेली रीडिंगं मात्र लग्नाला निघाल्यासारखी. शेवटी शून्य नाहीतर पाच. सोमवारी पाऊस होता, आज ऊन, आणि ऑइल शंभराच्या शंभरावर? दादाने काट्याकडे पाहिलेलंच नाही.

वाईट वाटलं. फार.

२७ मार्च, शुक्रवार

बोलू नये तसं बोलले. गाडी परत आल्यावर अंगणातच वही त्याच्यासमोर धरली आणि विचारलं, की तीन माणसांचा जीव या आकड्यांवर आहे, चार आकडे पाहून लिहायला तुला एवढा आळस? त्याचा चेहरा उतरला. मग चढला.

"दिवा लागत नाही ना? मग शंभरच असणार. गाडी मी चालवतो, तू नाही."

खरं आहे. तीस वर्षं इंजिन शिकवलं, स्टिअरिंग कधी हातात घेतलं नाही.

संध्याकाळी वहिनीचा फोन. "वन्सं, तुम्ही काय बोललात त्यांना? ताटावरून उठले." वहिनी म्हणाली, हल्ली ते साध्या बोलण्यावरही उसळतात. मी म्हटलं, सोमवारी मी स्वतः गाडीत बसते आणि आकडे घेते. भांडणाचं मूळच जाईल.

३० मार्च, सोमवार

क्रमाने लिहिते.

मी पुढे, दादाच्या डावीकडे बसले. मागे तिघं. पायथा ८४, पूल ९७, शेवटचं वळण १०७, माथा १०४. उत्तम! वळणावर थर्मोस्टॅट पूर्ण उघडला, हे काट्यावर दिसत होतं. इतकं सुंदर काम मी वर्गात फक्त आलेखावर दाखवलं आहे. वळणावरच आनंदाने दादाला म्हटलं, आता तू वाच. काटा १०७ वर होता. त्याने तिकडे पाहिलं— अगदी रोखून पाहिलं— आणि म्हणाला, "शंभर."

माथ्यावर गाडी उभी केल्यावर पुन्हा वाचायला लावलं. त्याने मान पाखरासारखी पूर्ण वळवून तिरकी केली आणि "एकशे चार" म्हणाला. बरोबर! म्हणजे थांबल्यावर दिसतं, चालताना नाही. मी काट्याच्या काचेवर पडणाऱ्या उजेडाचा विचार करत बसले. मूर्ख.

खालच्या गावात, बाजाराच्या तोंडाशी, डाव्या बाजूने एक सायकलवाला आमच्या सोबतीने चालला होता. वीसेक पावलं तरी. मला तो स्वच्छ दिसत होता. दादाने गाडी डावीकडे घेतली. मी ओरडले. ब्रेक लागला, सायकलवाला कडेला पडला, उठला, कपडे झटकून शिव्या देत गेला. लागलं नाही त्याला.

"कुठून उगवला हा?" दादा म्हणाला. खरोखर आश्चर्याने.

रुग्णालयाच्या दारात दादा गाडी लावायला गेला, तेव्हा पोस्टमास्तर माझ्याजवळ थांबले. नजर खाली ठेवून म्हणाले, "असं हल्ली होतं. दोन-तीन महिने झाले."

मी विचारलं, मग कोणी बोललं का नाही?

शिंपीणबाईंनी उत्तर दिलं. "बोललो तर गाडी बंद होईल, बाई. मग आम्ही यायचं कशाने? त्यापेक्षा आम्ही तिघं डावीकडे लक्ष ठेवतो. तिकडे काही आलं की गवंडीकाका खोकतात, आणि तुमचे दादा समजून घेतात."

गवंडीकाका मान हलवून आत गेले.

परत येताना पूर्ण घाटभर मी डावीकडे पाहत होते. आकडे घेतले नाहीत.

३१ मार्च, मंगळवार

चाचणी सोपी आहे, घरात कोणालाही करता येते. उजेडात, खिडकीसमोर बसायचं. एक डोळा तळहाताने झाकायचा— बुबुळावर दाब न देता— आणि समोरचं वाचायचं. मग दुसरा. दोन्ही उघडे असताना एक डोळा दुसऱ्याची उणीव भरून काढतो, म्हणून माणसाला वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही.

दादा आधी हसला. डावा झाकून त्याने समोरच्या दुकानाची पाटी खाडखाड वाचली. मग उजवा झाकला.

"खिडकी लावलीस का गं?"

खिडकी सताड उघडी होती. उद्या बुधवार.