सोयरीक आणि मोठा पडदा

चि. अजय यास भैयाजी जिजाजींचा आशीर्वाद. इकडे सर्व खुशाल आहे. म्हणजे धान निसवलं, म्हैस व्याली, आणि तुझी बहीण सुगंधा चार दिवसांपासून माझ्याशी बोलत नाही. तुझी प्रकृती उत्तम असणारच. दुसऱ्याची बिघडवणाऱ्याची स्वतःची कधी बिघडत नाही. हे सगळं फोनवरच सांगितलं असतं, पण माझा आवाज चढला की तुझी रेंज जाते, म्हणून पत्र.

आपल्या झाडीपट्टीत सोयरिकी कुठे जुळतात, हे तुला मी सांगावं? दिवाळीनंतर गावोगाव भरणाऱ्या मंडईच्या नाटकात! पाहुणे येतात, दोन्ही घरं रात्रभर एका सतरंजीवर बसतात. तिकडे खलनायक नायिकेला छळत असतो आणि इकडे बायका मुलाचं व्यसन, मुलीचा स्वयंपाक, सगळं विचारून घेतात. नाटक संपेपर्यंत सोयरीक पक्की. पण तू म्हणालास, "जिजाजी, आता कोन पायते नाटक? पाहुण्यायले चंद्रपूरले मोठ्या पडद्यावर सिनेमा दाखवा, इज्जत वाढते." आणि मी नंदीबैलासारखी मान डोलावली.

आरमोरीचे नथ्थूजी आणि त्यांचा मुलगा रोशन (शाळेत मास्तर, सुपारीचंही व्यसन नाही, असा मुलगा दिवा घेऊन शोधावा लागतो), आणि आमच्याकडून मी, सुगंधा आणि तुझी भाची रंजीता. पाच माणसं, आणि तू मोबाईलवरून काढलेली पाच तिकिटं पाच ओळींत! मार्कंड्याच्या जत्रेत हरवलेली माणसंसुद्धा याहून जवळ असतात. रोशन रंजीताच्या मागे चौथ्या ओळीत. त्याला तिची वेणी दिसत होती, तीही मधला उंच माणूस वाकला तरच. दारावर सुगंधाचा चिवड्याचा डबा काढून घेतला (पाहुण्यांसाठी केलेला!) आणि हातात काळे चष्मे दिले. म्हणजे ज्या दिवशी मुलाने मुलगी पाहायची, त्या दिवशी दोघांच्या डोळ्यांवर काळे चष्मे. मला वाटलं, मोतीबिंदूच्या शिबिरालाच आलो. मी मागे वळून नथ्थूजींना धानाचं विचारलं, तर आजूबाजूच्या चौघांनी मला गप्प केलं. अरे, तोंड बंद ठेवून कुठे सोयरीक होते का?

त्यात सिनेमा वाघाचा. ज्या जिल्ह्यात वाघ फुकट बांधावर येऊन बसतो, तिथे तिकीट काढून वाघ पाहायचा! आणि त्या चष्म्यामुळे तो पडद्यातून थेट अंगावर येतो. सुगंधा ताडकन उठून ओरडली, "वाघ आला वो! बकऱ्या आत घ्या!" सारं थिएटर हसलं. तिला भोवळ आली, आणि मी उठेपर्यंत रोशन तिला हात धरून बाहेर घेऊनही गेला. (मी उठतच होतो. पण काळोख, चष्मा, आणि मध्ये सहा जणांचे पाय.) दोघं शेवटपर्यंत बाहेर पायरीवर बसून होते. सुगंधाने त्याला आत जायला सांगितलं, तर म्हणे, "तुमी इथी एकट्या, तं मी आत बसून काय पाहू?"

आता सुगंधाला मुलगा पसंत आहे, नथ्थूजींना थिएटरची खुर्ची पसंत आहे. पण मुलाने मुलगी धड पाहिली नाही, मुलीने मुलगा धड पाहिला नाही, आणि पाहुणे शेवटच्या बसच्या घाईत चहासुद्धा न घेता गेले. एकुलत्या एका लेकीची चांगली सोयरीक हातची जाते की काय, या काळजीने मला अन्न गोड लागत नाही. रंजीताला विचारावं, तर ती म्हशीचं निमित्त काढून गोठ्यात निघून जाते.

घरच्या सर्वांना नमस्कार-आशीर्वाद. तुला काय द्यायचं ते भेटल्यावर देईन.

तुझा
भैयाजी

ता. क. : रागाच्या भरात लिहिलं, मनावर घेऊ नकोस. आरमोरीला तूच जा. सिनेमाची अक्कल तुझी होती, हे कबूल कर, आणि बाप-लेकांना आपल्या मंडईच्या नाटकाला घेऊन ये. पुढची सतरंजी मी धरून ठेवतो. बाबा रे, हात जोडतो. (हे सुगंधाला सांगू नकोस.)

ता. क. दुसरा, रंजीताकडून : मामा, पाकीट चिकटवायला बाबांनी माझ्याकडेच दिलं. आई ओरडली तेव्हा मी चष्मा काढला होता. तिला बाहेर नेणाऱ्याला मी चांगलं पाहिलं, आणि दारातून त्यानेही वळून मला पाहिलं. माझा होकार आरमोरीला आजच कळव. बाबांना मात्र मंडईपर्यंत सांगू नको. सोयरीक नाटकातच जुळली, असं त्यांना गावभर सांगायचं आहे.