गेटवरचा मोर

६ मार्च
घडलेले, क्रमाने:
१. भैयाजींच्या राइस मिलमध्ये मी इंजिनिअर आहे. पद मात्र 'ऑफिस असिस्टंट'. तात्पुरते. तिसरे वर्ष.
२. ड्रायरच्या डक्टला काटकोनी वळण आहे. गरम हवा एकाच बाजूला जाते. तिकडचा धान करपतो, इकडचा ओला राहतो. दोन्हीची कणी होते.
३. उपाय: वळणात तीन वाकवलेली पाती. ड्रॉइंग दिले. इंजिनिअरच्या पदाचीही आठवण करून दिली.
४. भैयाजींनी ड्रॉइंगवर समोसा ठेवला. म्हणाले, "बेटा, परवा महिला दिन आहे. गेटवर मस्त रांगोळी काढ."
राग आलेला नाही. फक्त नोंद.

७ मार्च, सायंकाळ
मार्ग सापडला. भैयाजी कागद वाचत नाहीत, रांगोळीपाशी थांबतात. रांगोळीत डक्टच काढणार. हवा निळी, पाती लाल. हा अपमान नाही, प्रेझेंटेशन आहे.

८ मार्च
यश. भैयाजी बराच वेळ थांबले. म्हणाले, "वाह! काय मोर काढला पोरीनं!" मी म्हणाले, डक्टचा बेंड आहे. ते म्हणाले, "हो ना, मान झकास वाकवली."
ड्रायर चालवणारा शालीकराम म्हणाला, "मॅडम, मोराले पिसारा काऊन नाही?"
रांगोळीला पहिले बक्षीस मिळाले, कुकर. सेफ्टी व्हॉल्व्ह बरा आहे.

९ मार्च
रांगोळीत मापे आणि कोन टाकले. आता गैरसमज शक्य नाही.

१० मार्च
भैयाजींनी रांगोळीभोवती दोरी बांधली. व्हॉट्सअॅपला स्टेटस ठेवले: 'आमच्या मिलची कला.' डिझाइन वरपर्यंत पोहोचले आहे.

१६ मार्च
व्यापाऱ्याकडून तांदूळ परत आला, अर्धी कणी. भैयाजी ओरडले, "कोणी सांगितलं काऊन नाही?"
रांगोळीत होते, मी म्हणाले.
"रांगोळीत कोणी सांगते का, बेटा?"
नागपूरहून हिमांशू नावाचा इंजिनिअर बोलावला आहे. सेकंड ओपिनियन चांगलेच.

२१ मार्च
हिमांशूंनी वळणात पाती बसवली. तीन. मी कोन मोजले, माझेच. कणी घटली. म्हणजे डिझाइन सिद्ध झाले. चहाच्या वेळी त्यांनी सर्वांना सांगितले, कल्पना भैयाजींच्या स्टेटसवरच्या मोरावरून सुचली. निसर्गाकडून शिकावे म्हणाले. टाळ्या. मीही वाजवल्या, तांत्रिकदृष्ट्या त्या मलाच होत्या.

२३ मार्च
हिमांशू प्लँट इंजिनिअर झाले. मला बढती: सांस्कृतिक प्रमुख. उद्या त्यांच्या स्वागताची रांगोळी माझ्याकडे. शालीकराम म्हणाला, "या खेपी पिसारा काढजा, मॅडम."

२४ मार्च, सकाळ
पिसारा काढला नाही. फक्त अक्षरे, पांढरी. हिमांशूंच्या गाडीच्या चाकांना दोन्ही बाजूंनी जागा सोडली आहे. मजकूर:

'भैयाजी, ड्रायरची दुरुस्ती माझ्या ड्रॉइंगप्रमाणे झाली आहे. प्लँट इंजिनिअरचे पद मला देणार की नाही, ते ३१ मार्चपर्यंत कळवावे. – नूतन पटले'