दुसरा रोल

सालातिगा,
१३ जुलै २००८

प्रिय को ग्वान,

मी आणि मुर्नी, आम्ही दोघं इकडे सुखरूप आहोत. तुझे गुडघे कसे आहेत? सुराबायाचा उकाडा तुला अजून मानवत नाही असं तुझ्या लेकीनं मागच्या वर्षीच्या कार्डावर लिहिलं होतं. इथे सकाळी अजून स्वेटर लागतो. ज्याला 'को', थोरला भाऊ, म्हणतो त्याच्याकडून कार्ड यावं आणि धाकट्यानं वर्षभर उत्तर देऊ नये, हे वाईटच. शिव्या घाल, पण पत्र पुरतं वाच.

काम असं आहे की मला कॅमेरा घ्यायचाय. डिजिटल. हसू नकोस.

फिल्मचे रोल आता इथे मिळत नाहीत. बाजारातल्या एका दुकानात तीन पडलेत, त्यांची मुदत गेल्या साली संपली. सेमारांगची लॅब आठवड्यातून एकदाच मशीन चालवते. लग्नाघरची पोरं तर मला वेड लावतात. क्लिक झालं की धावत कॅमेऱ्याच्या मागे येतात आणि काकाला विनवावं तसं म्हणतात, ''पाक, दाखवा ना!'' मागे काय दाखवू, काळं चामडं? परवा एक नवरदेव म्हणाला, ''पाक वारसितो, तुमचा कॅमेरा माझ्या आजोबांच्या लग्नातला का?'' मी म्हटलं, ''नाही, तुझ्या बापाच्या.'' खरंच होतं ते.

म्हणून सेमारांगला गेलो. दुकानात एक चुणचुणीत पोरगी होती. तिनं साबणाच्या वडीएवढा एक कॅमेरा माझ्या हातात ठेवला.

''बारा मेगापिक्सेल, पाक. चेहऱ्यावरच्या पुटकुळ्यासुद्धा मोजून घ्या.''

''लग्नात लोक त्या झाकायचे पैसे देतात, पोरी. बरं, डोळा कुठे लावायचा?''

''लावायचाच नाही. असा लांब धरायचा.''

चष्मा विसरलेला माणूस पेपर वाचतो तसा मी तो लांब धरला. मग म्हटलं, बघूया. मंडपात नवरानवरी एकमेकांवर पानांच्या पुरचुंड्या फेकतात, तो क्षण पकडायचा म्हणजे बोट किती चपळ लागतं ते तुला माहीत आहे. त्या पोरीला आणि दारावरच्या रखवालदाराला समोरासमोर उभं केलं, कागदाचे बोळे करून दिले. म्हटलं, ''फेका.'' बोळा रखवालदाराच्या छातीवर आपटून खाली पडला, त्यानं तो वाकून उचलला, आणि मग कॅमेऱ्यानं क्लिक केलं. चार वेळा तेच. शेवटी रखवालदार म्हणाला, ''पाक, आता आमचं लग्न लागलं असं धरायचं का?''

मग मी तिला विचारलं, ''फोटो आलाच नाही, तर हा सांगतो का?''

''म्हणजे?''

''म्हणजे मी दाबत राहिलो आणि आत काहीच नाही, असं झालं तर?''

''कार्ड नसेल तर इथे लिहून येतं, पाक. लाल अक्षरात.''

''न चुकता?''

''न चुकता.''

हे मी तिला तीनदा विचारलं. ती माझ्याकडे जरा चमकून बघायला लागली.

मागच्या कपाटात एक वापरलेला मोठा कॅमेराही होता. सहाच मेगापिक्सेलचा, कुठल्याशा वर्तमानपत्रवाल्याचा, कोपरे झिजलेले. पण त्याला डोळा लावता येतो, बोट दाबलं की तिथल्या तिथे फोटो निघतो, आणि माझी जुनी लेन्स त्यावर चपखल बसते. फक्त त्यातून सगळं थोडं जवळ दिसतं, दोन पावलं मागे सरावं लागेल. हातात घेतल्याबरोबर माझी नजर आपसूक डावीकडच्या खुंटीकडे गेली, ती फिरतेय का, म्हणजे फिल्म सरकतेय का, बघायला. खुंटीच नव्हती. किंमत दोन्हींची सारखीच, माझ्या आवाक्यातली. नवा आणि बारा, की जुना आणि सहा? तुझ्याइतकं हे कुणाला कळतं? मुर्नी म्हणते, कॅमेरा घ्या किंवा बकरी घ्या, पण विचारत बसू नका.

घाई अशासाठी, की २४ ऑगस्टला लग्न आहे. मुख्याध्यापकांची मुलगी पुजी तुला आठवते ना? तिच्या मुलीचं, लारासचं. आता बाई झाली, बु पुजी म्हणावं लागतं. त्या स्वतः घरी आल्या आणि म्हणाल्या, ''पाक, तुम्हीच हवेत. पण रोल नको. माझ्या वेळी त्या ग्वानच्या लॅबनं जे केलं, ते माझ्या मुलीच्या वाट्याला नको.''

मी होकार दिला. पहिली संधी मिळताच कळव.

तुझा,
सितो


सालातिगा,
६ ऑगस्ट २००८

प्रिय को,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. चार ओळी, त्याही तुझ्या त्याच मुंग्यांसारख्या अक्षरात. ''जुना घे. ज्याला डोळा लावता येतो तोच कॅमेरा. डिजिटलला खुंटी नसते, आता तरी ती बघायचं सोड.'' घेतला, जुनाच घेतला.

सराव म्हणून मुर्नीच्या कोंबड्यांचे फोटो काढतो. एका सकाळी दोनशे बारा निघाले. मुर्नी दारातून म्हणाली, ''अहो, त्या काळीचं लग्न ठरलंय का? आमंत्रणं छापायची का?'' दोनशे बारा, को! पूर्वी छत्तिसात अख्खं लग्न बसवायचो आपण. क्लिक केल्यावर माझा अंगठा अजून फिल्म ओढायचा दांडा शोधतो. आणि मागच्या पडद्यावर चित्र उमटलं की दर वेळी छातीतून एक श्वास सुटतो. आलं, हे आलं, हेही आलं. कोंबडीच आहे शेवटी, पण आलं.

एक विचारू? मी त्या खुंटीचं पत्रात ओझरतं लिहिलं होतं. दोन पानांच्या पत्रातून तू नेमकं तेच उचललंस. एकवीस वर्षं मी प्रत्येक क्लिकनंतर ती बघतोय, हे तुला कुणी सांगितलं? मुर्नीलासुद्धा माहीत नाही.

इथून पुढे आणखी एक पान लिहिलं होतं. ते फाडून टाकलं. लग्न पार पडू दे. खरं सांगायचं तर मला तुला कॅमेऱ्याबद्दल विचारायचंच नव्हतं.

गुडघ्याला आल्याचं तेल लाव.

सितो


सालातिगा,
२० सप्टेंबर २००८

प्रिय को ग्वान,

लग्न छान झालं. नवा जुना कॅमेरा तुझ्या शब्दाला जागला. पानांच्या पुरचुंड्या हवेत असतानाच पकडल्या, दोन्ही. आता बाकीचं सांगतो, आणि मध्ये थांबलो तर पुन्हा धीर होणार नाही, म्हणून शाई सुकेपर्यंतही थांबत नाही.

लारास आईच्या गुडघ्यांवर डोकं ठेवून आशीर्वाद घेत होती. बु पुजींनी तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि मी तेव्हाच दाबलं. थोड्या वेळानं त्या डोळे पुसत माझ्याकडे आल्या. ''दाखवा, पाक.'' मी पडदा त्यांच्यापुढे धरला. त्या बघतच राहिल्या.

''मीही वडिलांपुढे अशीच वाकले होते,'' त्या म्हणाल्या. ''ते माझ्या कानात काहीतरी बोलले. शब्द आठवतात, पण चेहरा कसा होता ते आता आठवत नाही. चार महिन्यांनी गेलेच ना ते. चेहरा त्या लॅबवाल्यानं खाल्ला.''

मी काय केलं असेल? म्हणालो, ''चला, आता सासरच्या मंडळींबरोबर एक काढू.''

त्या दिवसानंतर मला अन्न गोड लागलं नाही, को. पुजी अजून आपल्या बापाचा चेहरा शोधते आहे आणि तुझ्या नावाला बोल लावते आहे, आणि मी पंगतीत बसून भात खातोय.

तुला सगळं माहीत आहे, तरी मला ते माझ्या हातानं लिहायचंय. पुजीच्या लग्नात पहिला रोल ठीक होता. दुसरा मी मंडपात घाईघाईत भरला, फिल्मचं टोक चक्रात नीट अडकलं नाही. आकडा पुढे पुढे जात राहिला आणि फिल्म जागेवरच राहिली. छत्तीस झाले, रोल संपला की अडणारा दांडा अडला नाही. सदतीस, अडतीस. चाळिसाव्या क्लिकला मला स्पष्ट कळलं.  मुख्याध्यापक तेव्हा खुर्चीतच बसलेले होते. मी म्हणालो असतो, ''सर, चुकलं माझं, पुन्हा एकदा बसता का?'' तर बसले असते. हसून बसले असते. पण सगळ्या गावासमोर मला लाज वाटली, आणि मी तो कोरा रोल गुंडाळून तुझ्याकडे आणून दिला.

पाकीट परत देताना तू म्हणालास, ''सितो, कडेचे आकडे स्वच्छ उमटलेत. चौकटी कोऱ्या आहेत.'' एवढंच. रसायन बिघडलं असतं तर कारखान्यातच फिल्मच्या कडेला टाकलेले आकडेही उमटले नसते, हे आपल्या धंद्यात कुणालाही कळतं. तुला पहिल्या मिनिटाला कळलं होतं. मी त्यांच्या घरी जाऊन सांगितलं की लॅबनं घोटाळा केला. पुजीचा भाऊ तुझ्या दुकानात येऊन ओरडत होता, तेव्हा मी बाजूलाच उभा होतो. तू माझ्याकडे पाहिलंस. मी फळीवरच्या बाटल्या बघत राहिलो. मग तू त्याला म्हणालास, ''माफ करा, आता दुरुस्त होण्यासारखं नाही.''

तू चिनी दुकानदार, म्हणून लोकांना ते पटकन खरं वाटेल, हे मला तेव्हाही कळत होतं.  आणि खोटं खरं दिसावं म्हणून पुढे मीही माझे रोल सेमारांगला न्यायला लागलो. चार वर्षांनी तू मशीन विकलंस. तुझं सामान ट्रकवर चढवायला मी आलो होतो, दोरी बांधली होती. तू मला निघताना चहा पाजलास.

मागच्या मंगळवारी अल्बम घेऊन बु पुजींच्या घरी गेलो. रमझानच्या उपासाचे दिवस, चहापाण्याचा प्रश्न नव्हता. अल्बम टेबलावर ठेवला आणि वर लिहिलंय तसंच सगळं सांगितलं. त्यांनी अल्बमची पानं एकेक करून शेवटपर्यंत उलटली. मग विचारलं,

''चाळिसाव्याला तुम्हाला कळलं होतं?''

''हो.''

''तेव्हा वडील कुठे होते?''

''तिथेच. खुर्चीवर. पाणी पीत होते.''

''म्हणजे तुम्ही तेव्हाच सांगितलं असतं तर...''

''हो, बु.''

त्या उठून आत गेल्या. मला वाटलं, आता मुलाला बाहेर पाठवतील आणि मला घालवून देतील. बराच वेळ आतून पाण्याचा आवाज येत होता. तोंड धुऊन बाहेर आल्या.

''तुमचं काय करायचं ते मी नंतर बघेन, पाक वारसितो. आधी मला त्या माणसाचा पत्ता द्या. एकवीस वर्षं मी त्याच्या नावानं खडे फोडतेय.''

मुर्नीला घरी येऊन सांगितलं. तिनं इतकंच म्हटलं, ''एवढं पोटात ठेवून तुम्हाला झोप कशी लागायची?'' तेव्हापासून ती मला नीट वाढते, पण बोलत नाही.

को, तू गाव सोडेपर्यंत दर लेबारानला, आमच्या ईदला, मी तुझ्याकडे यायचो. तुझा सण नसूनही तू बिस्किटांच्या बरण्या भरून ठेवायचास. त्या दिवशी सगळे एकमेकांना म्हणतात तेच मी तुझा हात धरून म्हणायचो, वर्षभरात कळत-नकळत जे काही झालं असेल त्या सगळ्याची माफी कर. किती सोयीचं! त्या 'सगळ्या'त मी माझं पाप सरकवून द्यायचो आणि तुझी बिस्किटं खायचो. आणि तू म्हणायचास, ''माझीही चूकभूल माफ कर, सितो.'' तुझी कसली चूक?

तू तेव्हा का बोलला नाहीस, हे मी विचारणार नाही. सांगावंसं वाटलं तर तू सांगशील.

या लेबारानला मी सगळ्याची माफी मागणार नाही. एकाच गोष्टीची मागतो. १४ जून १९८७, पुजीचं लग्न, दुसरा रोल. फिल्म मी अडकवली नव्हती, आणि खापर तुझ्यावर फोडलं.

सणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आम्ही सुराबायाला येतोय, मी आणि बु पुजी. त्या माझ्याशी बोलत नाहीत, पण तिकिटं शेजारशेजारची मिळाली आहेत. दार उघडलंस तर त्यांना आधी आत घे. मी बाहेर थांबेन. आणि तू हाक मारली नाहीस, तर संध्याकाळच्या गाडीनं परत जाईन, मनात काहीही न ठेवता.

ज्याला तू वाचवलंस आणि ज्यानं तुला बुडवलं, तो तुझा धाकटा,
वारसितो