शेवंतीचं ऑपरेशन रद्द झाल्याबाबत

घाटकोपर,
ता. ९ फेब्रुवारी १९८७

ती. सुलक्षणाताईस धोंडिरामचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. तुझा गुडघा आणि भावोजींचा दमा आटोक्यात असेल अशी आशा आहे. इथे सगळे बरे आहेत, फक्त मी संपल्यात जमा आहे.

शेवंतीचं ऑपरेशन वीस तारखेला आहे असं मी कळवलं होतं. ते नाही. कसं नाही ते सांगतो, मन घट्ट कर. (मी केलं होतं, उपयोग झाला नाही.)

तुला माहीतच आहे, महिन्यातले दहा-दहा दिवस तिला अंगावर जायचं, तोंड पांढरंफटक पडलेलं. नाक्यावरच्या डॉक्टरांनी तिला बाहेर बसवलं, मला आत बोलावलं आणि म्हणाले, पिशवी काढून टाका, आता तिचा उपयोग काय? मी मान डोलावली. (शिकलेला माणूस बोलला की माझी मान आपोआप डोलते. गिरणीत साहेबासमोरही हाच त्रास होतो.) झालं, तारीख ठरली. चाळीत जयंतीवहिनी म्हणाल्या काढाच. दशरथ म्हणाला काढू नका, त्याची मेव्हणी त्यानंतर सुजली. तेव्हापासून माझी छाती धडधडते, घास उतरत नाही. शेवंतीला धीर द्यायला बसायचो आणि तीच मला पाणी आणून द्यायची.

एका सकाळी भाजी चिरता चिरता तिने विचारलं, "पोट कुणाचं?"

"तुझं," मी म्हटलं.

"मग मला कुणी विचारलं काय?"

ताई, याला उत्तर असेल तर कळव. मला अजून सापडलेलं नाही.

तिने जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर प्रश्न लिहिले आणि मला घेऊन मोठ्या म्युनिसिपल हॉस्पिटलात गेली. दोन खेपा झाल्या, तपासणी झाली, सोनोग्राफी झाली. पिशवीत लिंबाएवढी गाठ निघाली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, पिशवी कशासाठी काढायची होती? मी म्हटलं, डॉक्टर म्हणाले म्हणून. त्यानंतर बाई माझ्याशी बोलल्याच नाहीत. शेवंती मात्र एकेक प्रश्न वाचत गेली. गाठ वाईट आहे का? गोळ्यांनी भागेल का? थांबलं तर काय होईल? बाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं. गाठ साधी आहे; गोळ्या घ्या, रक्त वाढवा, तीन महिन्यांनी पुन्हा बघू; तेव्हाही काय करायचं ते तुम्ही ठरवायचं.

"मग आत्ता नको," शेवंती म्हणाली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

रक्त कुठून जातं ते बाई चित्रात दाखवत होत्या, तेवढ्यात मी बाकावरून खाली आलो. डोळे उघडले तर दंडाला पट्टा. प्रेशर एकशे ऐंशी! बायकोला दाखवायला गेलेला माणूस स्वतःचा केसपेपर घेऊन घरी आला. आता ती गोळ्या घेऊन मसाल्याच्या कारखान्यात पॅकिंगला जाते आणि मी रजा टाकून छतावरच्या पंख्याकडे बघत पडतो. माझं आता काही खरं नाही.

तुझा अभागी भाऊ,
धोंडिराम

ता. क. : अठरा तारखेचं एस.टी.चं तिकीट रद्द करू नकोस. शेवंतीला गरज नाही. पण दिवसभर माझ्याजवळ कुणीतरी बसायला हवं.

आणखी ता. क. : वन्सं, हे दुपारचे झोपलेत, पाकीट मी बंद करतेय. गणपतीत न्हाणीघरात तुम्ही मला छातीतली गाठ दाखवलीत आणि कुणाला सांगू नकोस म्हणालात. मी सांगितलेलं नाही. पण मला तेव्हापासून चैन नाही. नक्की या. आपण दोघी त्याच बाईंकडे जाऊ. काय काय विचारायचं ते गाडीत लिहून काढा. ह्यांना न्यायचं नाही.
— शेवंती